खोगीरभरतीतलं खोगीर

माझी भाची सातवीत आहे. मागच्या पावसाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा मराठीच्या चाचणीसाठी वाक्प्रचार पाठ करत होती. डाव्या रकान्यात वाक्प्रचार, उजव्या रकान्यात अर्थ, मधे पट्टीने मारलेली उभी रेघ. 'खोगीरभरती'समोर लिहिलं होतं, 'निरुपयोगी लोकांचा किंवा वस्तूंचा भरणा'. त्याखाली तिने वाक्यात उपयोग केला होता : 'साहेबांनी कार्यालयात नातेवाइकांची खोगीरभरती केली.'

"मावशी, बरोबर आहे ना गं?"

"वाक्य बरोबर आहे. पण भरती म्हणजे काय समजलीस तू?"

"भरती म्हणजे भरती. पोलीस भरती असते तशी."

"आणि खोगीर?"

ती गप्प बसली. मी सांगितलं, खोगीर म्हणजे जीन. "जीन म्हणजे?" असं तिने विचारलं, तेव्हा मी घोड्याच्या पाठीवर, बसायला, असं हातवारे करत काहीतरी बोलत राहिले आणि शेवटी म्हणाले, सॅडल. "हां, सॅडल! मग तसं सांग ना." चाचणीत तिला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले.

ती गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. शिकवणाऱ्या बाईंचंही नाही, कारण वर्तमानपत्रांतही हा शब्द आज असाच येतो. पक्षात उठवळ माणसं घेतली की खोगीरभरती, महामंडळावर कार्यकर्त्यांची सोय लावली की खोगीरभरती. भरती म्हणजे नोकरीत घेणं, एवढाच अर्थ समोर राहिल्यामुळे शब्दाचा उत्तरार्ध गुपचूप बदलला आणि पूर्वार्ध नुसता आवाज होऊन बसला. खोगिरात जे भरतात ती खोगीरभरती, हे साधं सरळ नातं तुटलं. आणि ते तुटल्याचं कुणाला जाणवलंही नाही, कारण परीक्षेत गुण मिळतात, बातमी वाचून कळते, काम भागतं.

काम भागतं हे खरं. पण माझ्या मते भाषेची झीज नेमकी इथेच होते, आणि ती थांबवायची असेल तर आपण कोश ज्या पद्धतीने करतो ती पद्धत बदलायला हवी. शब्दाचा अर्थ शब्दांतच सांगून आता भागणार नाही. तो ज्यांच्या हातात अजून आहे त्यांच्यापर्यंत जाऊन, वस्तू बघून, तिचं चित्र काढून, त्यांच्या तोंडचं वाक्य टिपून घ्यावं लागेल. घोड्याच्या सामानाचे शब्द हे त्याचं एक उदाहरण. मला ते जवळचं वाटतं म्हणून त्याबद्दल बोलते.

खोगीर हा शब्द फारसीतून आला. खू किंवा खोय म्हणजे घाम, आणि गीर म्हणजे धरणारा, पकडणारा. घाम धरून ठेवणारं ते खूगीर. हा 'गीर' आपल्या ओळखीचा आहे. जागा धरून असते ती जागीर, म्हणजे आपली जहागीर. ओझं उचलतो तो बारगीर. दुःखाने ज्याचं मन धरलं आहे तो दिलगीर. म्हणजे 'दिलगिरी व्यक्त करतो' असं पत्रात लिहिणारा माणूस नकळत खोगिराच्या सख्ख्या भावंडाला हाक मारत असतो. मुळात खोगीर म्हणजे घोड्याची पाठ आणि स्वाराची बैठक यांच्यामधला जाड थर. चालून चालून घोडा घामेजला की तो घाम या थरात मुरायचा, पाठ घासली जायची नाही. मराठीत रुळताना तो थर आणि वरची बैठक मिळून सगळ्यालाच खोगीर म्हणू लागले, आणि जीन हा शब्दही त्याच्या शेजारी येऊन बसला. त्याच्याही आधीचा एक शब्द आपल्याकडे होता, पलाण. संस्कृत पर्याणावरून आलेला. जनावराच्या पाठीवर पलाण घालणं म्हणजे पलाणणं, असं क्रियापदसुद्धा होतं. तीन शब्द, दोन फारसीतून आणि एक संस्कृतातून आलेला, आणि सातवीतल्या मुलीपर्यंत त्यांतला एकही पोचलेला नाही.

बाकीचं सामान बघा. पोटाखालून घेऊन आवळायचा पट्टा तो तंग. तो सैल राहिला तर खोगीर स्वारासकट फिरतं, फार आवळला तर घोड्याच्या काखेशी कातडी सोलवटते. पाय ठेवायची कडी ती रिकीब. शेपटीखालून जाऊन खोगीर पुढे घसरू न देणारी ती दुमची. खालची लोकरीची जाड घडी तो नमदा. हा नमदा इंग्रजांनी इथून उचलला आणि त्यांचे घोडेस्वार आजही त्याला 'नम्ना' म्हणतात. पुढचे पाय बांधायची दोरी अगाडी, मागचे पाय बांधायची पिछाडी. अंग घासायचा दातेरी खरारा. तोंडाला बांधायची चंदीची, म्हणजे दाण्याची, पिशवी तो तोबरा. पान खाणाऱ्याच्या गालातला तोबरा आपण रोज बघतो, घोड्याच्या तोंडचा विसरलो.

आणि गाशा. खोगिरावर घालायच्या आच्छादनाला गाशा म्हणतात. शब्द मूळचा अरबी, आच्छादन असाच त्याचा अर्थ. 'गाशा गुंडाळला' हे मराठी माणूस दर आठवड्याला एकदा तरी म्हणत असेल. दुकानाने गाशा गुंडाळला, कंपनीने गुंडाळला, भाडेकरूने गुंडाळला. एका संग्रहालयात मी मखमलीचा, जरीची वेलबुट्टी असलेला एक जुना गाशा काचेमागे पाहिला. खालच्या पाटीवर देवनागरीत लिहिलं होतं, 'सॅडल कव्हर'. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभी होते. शब्द जिवंत आहे, वस्तू समोर आहे, आणि दोघांची गाठ घालून द्यायला मधे कुणी नाही. मला खरंच वाईट वाटलं.

आता कोशांकडे येते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात झाले. या दोन कामांच्या जोरावर आपण आजही मराठी लिहितो. मी स्वतः दिवसातून चारदा ते उघडते. त्यांच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्या नोंदी कुणासाठी लिहिल्या होत्या ते बघायला हवं. मोल्सवर्थ सैन्यातला अधिकारी. घोडा त्याच्या रोजच्या जगण्यातला. त्याच्या हाताखालच्या शास्त्र्यांनाही खोगीर ठाऊक होतं, वाचणाऱ्यालाही ठाऊक होतं. दाते-कर्व्यांच्या वेळी पुण्यात टांगे धावत होते. अशा वेळी खोगिराच्या नोंदीत 'घोड्याच्या पाठीवर घालायचं बैठकीचं साधन' एवढं म्हटलं की पुरे होतं. उरलेला अर्थ वाचकाच्या दारात उभा होता, शेपटीने माश्या हाकत. कोशातली व्याख्या त्या दारातल्या घोड्याकडे बोट दाखवत होती. घोडा गेला, बोट तसंच राहिलं.

शब्दकोशातल्या किती नोंदी अशा झाल्या असतील! मोटेचं सामान, चुलाण्याचं सामान, मागाचं सामान. दर वेळी व्याख्या एका शब्दाकडून दुसऱ्याकडे पाठवते आणि दुसरा शब्द पहिल्याकडे परत पाठवतो. खोगीर म्हणजे जीन, जीन म्हणजे खोगीर. त्या फेऱ्यात मूल अडकतं आणि सॅडल या शब्दाने सुटतं, कारण सॅडलचं चित्र त्याने पडद्यावर पाहिलेलं असतं. इंग्रजी शब्द मराठी शब्दाला हरवतो असं आपण म्हणतो, तेव्हा बरेचदा खरी गोष्ट एवढीच असते की इंग्रजी शब्दाबरोबर चित्र आलं आणि मराठी शब्दाबरोबर आलं नाही.

भाची गेल्यावर काही महिन्यांनी मी माथेरानला गेले. गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंत येतात, पुढे तेव्हा घोडा, हातरिक्षा, पायी किंवा २०२२च्या डिसेंबरपासून सुरू झालेल्या ई-रिक्षा होत्या. मी चालत निघाले होते. वाटेत एका वळणावर, जांभ्याच्या कट्ट्याशी, एक वयस्कर घोडेवाले बसले होते. घोडा झाडाला बांधलेला, उघड्या पाठीचा, आणि खोगीर कट्ट्यावर उलटं टाकलेलं. सुलट खोगीर आपण सगळे बघतो, चकचकीत कातड्याचं. उलटं मी पहिल्यांदाच पाहत होते. लांबट उशीसारख्या दोन गाद्या, आणि त्यांच्यामध्ये लांबलचक मोकळी पन्हळ.

"मामा, ही मधली जागा मोकळी का?"

"कण्यावर भार येऊ नये म्हणून. बसणाऱ्याचा भार दोन्ही अंगांच्या मांसावर पडला पाहिजे. कण्यावर पडला तर घोडा गेला."

मग त्यांनी माझा हात धरल्यासारखा करून एका गादीवर ठेवला. "इथं दाबा. आता इथं." पहिली जागा मऊ होती, दुसरीकडे आत लिंबाएवढी गाठ लागली. "भरती बदलायला झालीय," ते म्हणाले.

भरती! ज्या शब्दासाठी मी इतके दिवस कोश चाळत होते तो त्यांनी सहज, काहीच विशेष नसल्यासारखा उच्चारला. त्यांनी दाभणाने गादीच्या कडेची शिवण चार बोटं उसवली. आतून लोकर ओढून काढली, घामाने आणि भाराने तिचे घट्ट गोळे झालेले. ते गोळे बोटांनी पिंजून, हवा भरल्यासारखे हलके करून, थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा थोडं थोडं आत सारत राहिले. मधे मधे तळहाताने दाबून बघायचे, एका बाजूला जास्त तर होत नाही ना. मग मेण लावलेल्या दोऱ्याने शिवण परत घातली. अर्ध्या तासाचं काम. गाठ तशीच राहिली तर काय होतं, असं विचारल्यावर त्यांनी घोड्याच्या पाठीवर, मानेच्या मुळाशी, पांढऱ्या केसांचा एक ठिपका दाखवला. जुनी जखम. काळ्या-तांबड्या घोड्याला अशा जखमेवर पुन्हा केस येतात ते पांढरे येतात. "हा माझ्याकडं येण्याआधीचा आहे," त्यांनी लगेच सांगितलं. त्यांना ते सांगावंसं वाटलं यात मला त्या माणसाचा अख्खा धंदा दिसला.

म्हणजे खोगिराची भरती ही त्या सगळ्या सामानातली सर्वांत नाजूक, सर्वांत मोलाची गोष्ट. वरचं कातडं कितीही भारी असू दे, आतली भरती बिघडली की घोडा लंगडा तरी होतो नाही तर पाठीला हात लावू देत नाही. आणि भाषेत तिचा अर्थ झाला निरुपयोगी कचरा. हे कसं झालं असेल याचा मी विचार करते. भरती दिसत नाही. ती आत असते. लोकर परवडली नाही तर चिंध्या, काथ्या, जुनेर, हाताला लागेल ते भरलं जात असणार. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच कळतं की काहीतरी टाकाऊ कोंबून पोकळी बुजवली. घोड्यावर बसणारा आणि खोगीर शिवणारा यांची भाषा वेगळी असते, आणि वाक्प्रचार बहुधा बसणाऱ्याचे टिकतात. हिंदी-उर्दूतही 'खूगीर की भर्ती' याच टाकाऊ अर्थाने रूढ आहे, म्हणजे ही नजर एकट्या मराठीची नाही.

वाक्प्रचार बदला, असं मी म्हणत नाही. भाषा असल्या मागण्या ऐकत नाही आणि ऐकूही नयेत. पण खोगीरभरती हा शब्द माणसांसाठी वापरताना, विशेषतः रोजंदारीवर, कंत्राटावर घेतलेल्या माणसांसाठी वापरताना, त्या उलट्या खोगिराची आठवण लिहिणाऱ्याला असावी असं मला मनापासून वाटतं. कार्यालयातल्या ज्या माणसांना आपण भरताड म्हणतो त्यांतले कितीतरी लोक सगळा भार आपल्या अंगावर घेऊन कणा मोकळा ठेवत असतात. ही आठवण राहायची तर शब्दाचं मूळ कळायला हवं, आणि मूळ घोडेवाल्याकडे आहे, प्राध्यापकाकडे नाही.

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घेतला. त्यानंतर निधी, केंद्रं, परिषदा यांची बरीच चर्चा झाली. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं. चांगलंच झालं. अभिजाततेसाठी आपण गाथासप्तशती दाखवली, शिलालेख दाखवले, भाषेचं वय सिद्ध केलं. आता ज्या शब्दांना अजून हात आणि तोंड आहेत त्यांच्याकडे वळायची वेळ आहे. शिलालेख आणखी शंभर वर्षं थांबेल. माथेरानच्या त्या मामांचा मुलगा नेरळला एका हॉटेलात कामाला आहे.

भाषा संचालनालय १९६०पासून आहे आणि त्याने शासनव्यवहाराचे, निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश केले. त्या कामाची दिशा साहजिकच इंग्रजीकडून मराठीकडे होती : इंग्रजी संज्ञा समोर ठेवायची आणि तिला मराठी प्रतिशब्द घडवायचा. एका राज्याचा कारभार मराठीत आणायचा तर ते करणं भागच होतं. पण उलट्या दिशेचं काम, म्हणजे जो शब्द आधीच कुणाच्या तोंडात आहे तो जाऊन ऐकायचा, याला तेवढं बळ मिळालेलं नाही. राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेज यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं, गावोगावी जाऊन लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. मला या काळातलं ते फार महत्त्वाचं काम वाटतं. रस्ता तयार आहे. त्याच रस्त्याने धंद्यांच्या शब्दांकडे जायचं आहे, सोबत एक चित्रकार घेऊन.

असं काम जुन्या काळातही झालेलं आहे. जॉर्ज ग्रिअर्सन या भाषाभ्यासकाने १८८५ साली बिहारच्या खेडुतांच्या जगण्यावर जे पुस्तक केलं ते खरं तर वस्तूंच्या नावांचा कोशच. नांगर, गाडी, जातं, मडकं घ्यायचं, त्याचं चित्र काढायचं, प्रत्येक भागावर खूण करायची आणि कुठल्या जिल्ह्यात त्याला काय म्हणतात ते लिहायचं. तो सरकारी अधिकारी होता आणि त्याचे हेतू राज्यकर्त्याचे होते, हे मान्यच आहे. पण भोजपुरी-मैथिली-मगही बोलणाऱ्यांच्या नातवंडांना आज आपल्या आज्याची गाडी तुकड्यातुकड्याने नावानिशी बघता येते, ती त्या पुस्तकामुळे.

खोगिराची नोंद मला कशी हवी ते सांगते. आधी चित्र, सुलट आणि उलट, दोन्ही. त्यावर बाण : बैठक, गादी, पन्हळ, तंग अडकवायची कडी, रिकिबीचा पट्टा. प्रत्येक बाणापुढे शब्द, आणि शब्दापुढे गाव, कारण माथेरानला जे म्हणतात तेच खानदेशात सारंगखेड्याला म्हणत असतील असं नाही. मग त्या माणसाच्या तोंडचं एक पुरं वाक्य, 'भरती बदलायला झालीय' यासारखं. मग त्या वस्तूबरोबर येणारी क्रियापदं, कारण शब्दाचा जीव क्रियापदात असतो : खोगीर चढवतात, घालतात की कसतात, तंग ओढतात की आवळतात, नमदा वाळवतात की झटकतात. मग शब्द कुठून आला ते. आणि सगळ्यात शेवटी वाक्प्रचार. आज आपण शेवटापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. नोंदीखाली सांगणाऱ्याचं नाव त्याच्या संमतीने यावं, आणि त्याच्या दिवसभराच्या वेळेचे पैसे त्याला द्यावेत. कोशाच्या मुखपृष्ठावर संपादकाचं नाव असतं, तसा आत शब्द देणाऱ्याचाही मान असावा.

कुठे जायचं हा प्रश्नच नाही. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे नुसते घोडे येत नाहीत, सामान विकणारे, नाल ठोकणारे, घोडा फेरून दाखवणारे, सगळे येतात. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांबरोबर गाढवं आणि उंटही येतात, म्हणजे तीन जनावरांच्या तीन तऱ्हांच्या बैठका एका माळावर बघायला मिळतील. महाबळेश्वर-पाचगणीला सवारीचे घोडे आहेत. आणि बेळगाव जिल्ह्यात अंकलीला शितोळे सरकारांच्या वाड्यात माउलींचा अश्व आहे. वारीच्या रिंगणात तो धावतो तेव्हा लाखो डोळे त्याच्यावर असतात. त्याच्या पाठीवर साज चढवलेला असतो, बैठक सजलेली असते आणि वर कुणी नसतं, कारण तिथे माउली बसलेले असतात. त्या रिकाम्या बैठकीचा तंग पहाटे कुणीतरी आवळतो. तो मोतद्दार ते काम करताना काय शब्द वापरतो, हे मराठीच्या कोशात असायलाच हवं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. हे सगळे फारसी-अरबी शब्द, यांच्यासाठी मराठीने का जीव टाकावा? हा वाद जुना आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला तोच मुळी दरबारी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. पण त्या कोशाची मांडणी बघण्यासारखी आहे. दहा वर्ग, त्यांत सैन्याच्या चार अंगांचा चतुरंगवर्ग वेगळा. म्हणजे बदलण्याआधी शब्द गोळा केले, वस्तू ओळखल्या, वर्ग पाडले. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. त्यांचं मत मला पटत नाही, पण त्यांना काढायचं होतं ते त्यांनी आधी मोजून, पारखून घेतलं होतं. आज आपण न मोजता घालवतो आहोत, आणि त्या जागी पलाण येत नाही, सॅडल येतं. माझं मत विचाराल तर ज्या शब्दात तीन-चारशे वर्षं मराठी घोड्यांचा घाम मुरला तो शब्द मराठीच. सभासदाच्या बखरीत पागेची व्यवस्था सांगितली आहे : पंचवीस घोड्यांमागे पाणी आणणारा एक पखालजी आणि एक नालबंद. नाल, पागा, बारगीर हे शब्द काढून ती व्यवस्था पुन्हा सांगून बघावी.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. मराठी शाळांची दैना आहे, आणि तुम्ही घोड्याच्या तंगाची काळजी करता? खरं आहे, शाळा आधी. पण हे काम शाळेच्या विरोधात नाही, शाळेसाठीच आहे. वाक्प्रचारांच्या त्या रकान्याशेजारी एक छोटं चित्र छापलं असतं तर माझ्या भाचीला गाशा, तंग, तोबरा, खोगीर हे चारही शब्द एका दिवसात कळले असते आणि विसरले नसते. खर्चाचं म्हणाल, तर एम.ए.च्या मुलामुलींना नव्या प्रबंधासाठी विषय हवेच असतात. चार जणांची तुकडी, एक ध्वनिमुद्रक, एक चित्रकार आणि सारंगखेड्याच्या बाजाराचे दिवस. परिषदेच्या एका मांडवाच्या खर्चात हे होईल.

घाई कशासाठी, तेही सांगायला हवं. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५मध्ये शहरातल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितलं. जनावरांचे हाल होत होते, डांबरी रस्त्यावर, पाण्यावाचून. तो निकाल मला योग्य वाटतो. निकालात घोड्यांच्या आणि गाडीवानांच्या पुनर्वसनाची काळजी होती. त्यांच्या शब्दांची काळजी न्यायालयाने करायची नसते, ती भाषेसाठी नेमलेल्या संस्थांनी करायची. उद्या माथेरानलाही घोडे कमी होतील, आणि घोड्यांच्या दृष्टीने ते कदाचित बरंच असेल. घोडा ओझ्यातून सुटावा आणि शब्द मात्र राहावा, या दोन्ही इच्छा मी एकाच वेळी धरून आहे. त्यांच्यात मला भांडण दिसत नाही. उलट धंदा सन्मानाने मिटत असताना त्याचं ज्ञान लिहून ठेवणं हा त्या माणसांचा आणि जनावरांचा हिशेब चुकता करण्याचाच एक भाग आहे.

माथेरानहून परत निघाले त्या संध्याकाळी मी पुन्हा त्या कट्ट्यावरून गेले. मामा शेवटची फेरी करून आले होते. त्यांनी तंग सोडला, खोगीर उचललं, खालचा नमदा काढला आणि घोड्याच्या पाठीकडे नीट बघत राहिले. दोन्ही बाजूंना घामाचे दोन ओले पट्टे होते, मधे कण्यावर कोरडी रेघ. मी विचारलं, काय बघताय. ते म्हणाले, ओल्यामध्ये कुठं कोरडा डाग राहिलाय का ते. कोरडा राहिला तर तिथं दाब जास्त पडला, सकाळी भरलेली भरती चुकली. त्यांनी सकाळी शिवलेल्या जागेखालची पाठ बोटांनी चाचपली. ती ओली होती. मग त्यांनी नमदा कट्ट्यावर उलटा पसरला, घामाची बाजू वर करून, आणि घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधला.